शिकागो, मुक्काम शुक्रवार पेठ

प्रभुचं पत्र महेश्वरअप्पांना रोज सकाळी कपाळाला विभूती लावताना आठवायचं. तेव्हाच का, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्या वेळी आरशात स्वतःशीच नजरानजर होते, म्हणून असेल कदाचित. ‘आज उत्तर लिहायचं,’ असं ते आरशातल्या माणसाला सांगायचे, आणि तो माणूस, जन्मभराची ओळख असल्यामुळे, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

प्रभु म्हणजे सोलापूरच्या शाळेत त्यांच्याच बाकावर बसणारा, त्यांच्याच दौतीत टाक बुडवणारा आणि वर शाई सांडल्याचं त्यांच्याच नावावर घालणारा मित्र. म्हातारपणी तो मुलीकडे शिकागोला गेला आणि तिथून त्याने एक पत्र पाठवलं. सोबत फोटो. फोटोत प्रभु एका काचेवर उभा, काचेखाली शंभरावर मजले आणि त्याखाली मुंग्यांएवढ्या मोटारी. तोंडावर हसू, पण दोन्ही हातांनी जावयाची बाही घट्ट धरलेली. पत्रात लिहिलं होतं: ‘महेश्वर, या इमारतीबद्दल पहिल्यांदा तूच मला सांगितलं होतंस, म्हणून वर चढल्यावर तुझी आठवण आली. आपल्याकडे सध्या सगळ्यात उंच काय आहे ते कळव. फोन करू नकोस, लिही. तुझं अक्षर बघून बरेच दिवस झाले.’

प्रश्न साधा होता. दुसऱ्या कोणी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकून हात झटकले असते. पण अप्पांनी आयुष्यात कुठल्याच प्रश्नाचं पहिल्या झटक्यात उत्तर दिलेलं नव्हतं. वाण्याने ‘साखर किती देऊ?’ विचारलं तरी ते क्षणभर अंतर्मुख होत. पत्रात आधी त्यांनी ‘पाण्याची टाकी’ असं लिहिलं. मग वाटलं, शिकागोला पाठवायला टाकी फारच पाणचट होते. मग ‘गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा’ लिहिलं, पण तो वर्षातून महिनाभरच असतो. उरलेले अकरा महिने विधान खोटं ठरणार. त्याच जत्रेत मिरवणाऱ्या सजवलेल्या काठ्या, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, उंच खऱ्या, पण त्या देवाच्या. देवाच्या मालमत्तेवर आपण फुशारकी मारायची म्हणजे जरा अतीच. शेवटी कागद खोडून खोडून पातळ झाला आणि प्रभुचं पत्र शब्दकोशाच्या ‘प’ या अक्षरात जाऊन बसलं. तिथे ते काही वर्षं सुखाने राहिलं.

वास्तविक उंच इमारती हा अप्पांचा हातखंडा विषय. नोकरी विमा कंपनीच्या कचेरीत झाली, पण जीव सगळा या इमारतींत. जगातली कुठलीही गगनचुंबी इमारत घ्या, ती वाऱ्याला कशी तोंड देते, पाया किती खोल, कोणी कोणाला मागे टाकण्यासाठी काय लबाडी केली, हे सगळं त्यांना पाठ. फक्त हे सगळं वाचून. प्रत्यक्षात अप्पांना उंचीची भीती. बल्ब बदलायला ते स्टुलावर चढत नसत. घरातला कोणी चढला तरी ते स्टूल धरायच्या निमित्ताने डोळे मिटून उभे राहत.

अशा माणसावर लग्नाचा रुखवत उभा करायची वेळ आली, ती नातीमुळे.

अपेक्षाचं लग्न ठरलं. बैठकीत नवऱ्या मुलाचे काका सिद्धनाथ यांनी चहा बशीत ओतता ओतता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “आमच्या थोरलीच्या लग्नात रुखवतात ताजमहाल होता. सहा फूट. थर्माकोलचा. आतून लाइट.”

‘आतून लाइट’ हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की दोघातिघांनी हातातले कप खाली ठेवले. रुखवत म्हणजे नवरीकडच्यांनी आपल्या हातचा फराळ आणि कलाकुसर टेबलावर मांडायची, एवढीच मूळची गोष्ट. पण हल्ली तो तयार मिळतो, भाड्याने. दुपारी मांडतात, संध्याकाळी टेम्पोत घालून दुसऱ्या लग्नाला नेतात. अप्पांच्या सुनेने, अंकिताने, असा एक दुकानदार मनात पक्काही केला होता.

तेवढ्यात अपेक्षा पडद्याआडून बाहेर आली आणि म्हणाली, “काका, आमच्या रुखवताचं अप्पा बघणार आहेत. जगातल्या सगळ्यात उंच इमारतीसारखा करणार आहेत. स्वतः.”

 अप्पांना कोणी विचारलेलं नव्हतं. पण नात ज्या खात्रीने बोलली, तेवढ्या खात्रीने त्यांच्याबद्दल आजवर कोणीच काही बोललेलं नव्हतं. विमा कंपनीच्या निरोपसमारंभातसुद्धा साहेब ‘बहुधा प्रामाणिक’ असं म्हणाले होते.

पाहुणे गेल्यावर अंकिता म्हणाली, “अप्पा, राग मानू नका. तुम्ही करा. पण लग्नाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत टेबल रिकामं दिसलं, तर मी दुकानवाल्याला फोन करणार. सिद्धनाथकाकांसमोर मला मान खाली घालायची नाही.”

“आई, टेबल रिकामं राहणार नाही,” अपेक्षा म्हणाली.  अप्पांना वाटत होतं, राहील.

इमारत ठरली दुबईची, जगातली सगळ्यात उंच. सामान मात्र सोलापूरचं. मजला म्हणजे कडक भाकरी, खांब म्हणजे तिळाचे टणक लाडू, सिमेंट म्हणजे गुळाचा पाक. भाकरीवर चार लाडू, त्यावर भाकरी, पुन्हा चार लाडू. अप्पांनी हे कागदावर काढलं, तेव्हा ते त्यांना इतकं सुंदर दिसलं की यात नक्की काहीतरी चूक असणार अशी त्यांची खात्री पटली.

चूक दाखवायला शेजारचे उदयसिंह चव्हाण लगेच हजर झाले. उदयसिंह सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या देखरेखीला बांधकामं उरली नव्हती, त्यामुळे ते शेजाऱ्यांवर देखरेख करत.

“अप्पा, लोड बेअरिंग हाय का फ्रेम?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“भाकरीचं आहे.”

“ते दिसतंय. पण मटेरियल कुणाचं? गल्लीत नऊ घरांनी भाकरी करायला घेतल्यात म्हणं लग्नासाठी. एका घरची एवढी, एका घरची तेवढी. असला मिक्स माल वापरलाव तर सात मजल्यावर झोल खाईल. एका हातचा माल घ्या. मी सांगतो म्हणून नव्हे, शास्त्र हाय ते.”

अप्पांना शास्त्र म्हटलं की धाक वाटे. त्यांनी एका हातचा माल घ्यायचं ठरवलं, आणि तो हात गुरम्माचा. कोपऱ्यावरच्या गुरम्माची भाकरी गल्लीत एक नंबर: कागदासारखी पातळ, तबकडीसारखी गोल. बाकी आठ घरांना अप्पांनी नम्रपणे कळवलं की आपल्या भाकऱ्या उत्तम आहेत, परंतु बांधकामास नकोत.

आता पेठेत एखाद्याच्या घरची भाकरी नको म्हणायचं, म्हणजे त्यापेक्षा त्याच्या दारात जाऊन भांडलेलं बरं. दुसऱ्या दिवसापासून अप्पांना रस्त्याने जाणं अवघड झालं. खुद्द चव्हाणवहिनी, ज्यांच्या नवऱ्यानेच हा सल्ला दिला होता, त्या अप्पांना बघून पदर सावरून आत गेल्या. गड्डमांच्या सुनेने “आमची भाकरी खायला चालती, उभी राहायला चालत नाही व्हय?” असं विचारलं. शेखांची चाची तर पंचवीस वर्षं अप्पांना ईदचा शीरखुर्मा पाठवणारी. ती गॅलरीतून म्हणाली, “अप्पा, हमारे भाकरी में क्या खोट निकली जी? बोलो ना, सुधारती मैं.” अप्पांनी दुबईच्या वाऱ्याबद्दल काहीतरी सांगितलं. चाचीने ते शांतपणे ऐकलं आणि गॅलरीचं दार लावलं.

गुरम्मा मात्र खूश. “अय्यो अप्पा, घ्या की किती पायजेत. पण एक सांगते, पुस्तकवाल्या माणसानं पाकात हात घालू नये. चिकटलाव तर सुटायचं न्हाईत.”

आणि खरंच, पहिल्या दिवशी अप्पांचा चष्मा तळमजल्याला चिकटला. तो सोडवताना तळमजला गेला.

दरम्यान मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक कुंडलिकराव यांच्याकडे परवानगीसाठी जावं लागलं. कुंडलिकराव जवळच्या कुंभारी गावाहून रोज मोटारसायकलवर येत, टेबलामागे बसत आणि टेबलावरच्या काचेखाली घातलेल्या नियमांकडे बोट दाखवत.

“पाच फुटाच्या वरचा रुखवत असल तर उंचीचं पत्र लागतंय. वर पंखा हाय. मागं एकाचा किल्ला पंख्याला लागला, करंज्या पार स्टेजपातुर उडाल्या. भटजीला लागली एक.”

अप्पांनी पत्र लिहून नेलं. कुंडलिकराव म्हणाले, “ह्यात उंची मीटरात लिवलीय. हितं फुटात चालतंय.” अप्पांनी फुटांत लिहून नेलं. “सही कुणाची? तुमची? वधुपित्याची पायजे.” अप्पांनी मुलाची सही आणली. कुंडलिकरावांनी पत्र दोनदा वाचलं आणि शंका काढली, “विमानतळ जवळ हाय. वर लाल दिवा लावणार का न्हाय?” यावर अप्पा खरोखर विचारात पडले, तेव्हा कुंडलिकराव मोठ्याने हसले आणि त्यांनी शिक्का मारला. “चेष्टा केली ओ. पर नियम म्हंजी नियम. पत्र असल्याबिगर माझ्या दारातनं ताजमहाल बी आत येत न्हाय.”

हळूहळू दुबई उभी राहिली. भाकऱ्या वर जाताना कातरून लहान करायच्या, आणि त्याही एका बाजूने नाही, फिरत फिरत. अप्पा अपेक्षाला समजावत, “वारा एका लयीत आला की इमारत हलवतो. म्हणून तिथं दर काही मजल्यांवर आकार बदललाय. वाऱ्याला नेम धरताच येत नाही. त्याचा गोंधळ उडतो.”

“म्हणजे आपल्या चव्हाणकाकांसारखं,” अपेक्षा म्हणाली. “ते आले की आपण विषय बदलतो.”

मनोऱ्याच्या पोटात अप्पांनी दोऱ्याला एक मोठा शेंगदाण्याचा लाडू टांगला. तैपेईच्या उंच इमारतीत असाच एक प्रचंड पोलादी गोळा टांगलेला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो दुसरीकडे जातो आणि तिला सावरतो. उदयसिंहांनी टेबलाला मुद्दाम धक्का देऊन पाहिला. लाडू हलला, मनोरा राहिला. उदयसिंह काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत हे प्रमाणपत्रच होतं. त्या दिवशी अप्पा आरशासमोर जरा जास्त वेळ उभे राहिले. प्रभुला कळवण्यासारखं काहीतरी आता होतं.

अप्पांनी सगळं मोजलं होतं. पंखा मोजला, टेम्पोची उंची मोजली, स्वतःच्या घराचं दारही मोजलं. मनोरा दारातून दोन बोटं राखून जात होता. पण माणसाला एकदा अभिमान शिवला की दोन बोटं पुरत नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सुरगी होती. नवरीला मध्ये बसवतात, चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवतात आणि त्यांच्याभोवती सूत गुंडाळत गाणी म्हणतात. तिथे सिद्धनाथकाका भेटले आणि म्हणाले, “काय अप्पा, किती झाली तुमची दुबई? आमचा ताज सहा फूट होता बरं का.”

अप्पांची दुबई सहा फुटांना तीन इंच कमी होती.

 अपेक्षाने उरलेली सुताची लड त्यांच्या हातात दिली, “अप्पा, ही जपून ठेवा, लागते म्हणतात.” अप्पांनी ती कोटाच्या खिशात घातली आणि हळूच घरी सटकले. घरात कोणी नव्हतं. अप्पांना न्यूयॉर्क आठवलं. तिथे शंभर वर्षांपूर्वी दोन इमारतींत उंचीची चुरस लागली होती. एकीने आपला सुळका गुपचूप पोटात जोडून ठेवला आणि समोरची इमारत पूर्ण झाल्यावर तो दीड तासात वर काढला. समोरचे बघतच राहिले. ही गोष्ट अप्पांना तोंडपाठ होती. तिच्यापासून काही धडा घ्यावा असं मात्र आजवर वाटलं नव्हतं. त्यांनी पडद्याची पितळी दांडी काढली, मनोऱ्याच्या मधोमध आत सोडली, वर हातभर ठेवली आणि सढळ हाताने पाक ओतला. सिद्धनाथकाकांचा ताजमहाल मागे पडला. अप्पांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. पाक असल्यामुळे हात लगेच सुटले नाहीत.

सकाळी टेम्पो आला. मनोरा चौघांनी उचलला, दारापर्यंत आणला आणि सगळे थांबले.

सुळका चौकटीच्या वर जात होता.

“हे कधी वाढलं?” उदयसिंहांनी विचारलं.

अप्पांनी खरं सांगितलं. दांडी ओढून पाहिली, तर दांडीबरोबर सगळी दुबई उचलली जाऊ लागली. पाक दगडासारखा झाला होता.

“आडवा करा,” उदयसिंह म्हणाले.

“जगात कुठलीच इमारत आडवी करून नेत नाहीत हो!”

“जगात कुठली इमारत दारातनं नेतेत का? धरा तिकडनं. जरासाच तिरपा.”

जरासा तिरपा केल्यावर पोटातला शेंगदाण्याचा लाडू, जो मनोरा सावरण्यासाठी होता, तो आपल्या मताप्रमाणे एका बाजूला गेला. कडकड असा आवाज झाला. उंबऱ्याच्या आत अर्धी दुबई, बाहेर अर्धी दुबई आणि मध्ये महेश्वरअप्पा, हातात पडद्याची दांडी घेऊन. रस्त्यावरची दोन कुत्री तातडीने पाहणीला आली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अंकिता हळू आवाजात म्हणाली, “असू द्या अप्पा. तुम्ही कपडे बदला.” आणि तिने फोन लावला. त्या ‘असू द्या’नेच अप्पांना सर्वांत जास्त लागलं. अपेक्षा पिवळ्या शालूत जिन्यावर उभी होती. ती रडली नाही. “लाडू तर शाबूत आहेत ना?” एवढंच म्हणाली. अप्पांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी लाडू वेचले, गुरम्माच्या वाचलेल्या थोड्या भाकऱ्या पिशवीत घातल्या आणि टेम्पोत पुढे बसले.

कार्यालयात रुखवताचं टेबल रिकामं होतं. त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर अप्पांची लाज, जणू ती मांडायलाच टेबल ठेवलं होतं. ते नजर चुकवत मागे भटारखान्याकडे गेले आणि दारातच थबकले.

ओट्यावर आठ डबे ओळीने ठेवले होते. मोठे पत्र्याचे डबे, झाकणांवर रंगाने नावं: चव्हाण, गड्डम, शेख वगैरे. ज्या घरांच्या भाकऱ्या अप्पांनी परत पाठवल्या होत्या, त्या घरांनी त्या मुकाट्याने पंगतीसाठी आणून पोचवल्या होत्या, आणि त्यांच्या बायका तिथेच पंगतीच्या तयारीला लागल्या होत्या. राग आपल्या जागी, अपेक्षाचं लग्न आपल्या जागी. अप्पांनी झाकणं उघडून पाहिली. प्रत्येक डब्यातल्या भाकऱ्या आपापसांत अगदी सारख्या. दुसऱ्या डब्याशी मात्र अजिबात जुळत नव्हत्या. कुठे डबा काठोकाठ, कुठे निम्मा.

आठ डबे, आणि हातात गुरम्माची पिशवी. नऊ.

अप्पांच्या डोळ्यांपुढे प्रभुचा फोटो आला. काचेवर उभा असलेला प्रभु नव्हे. तो ज्या इमारतीवर उभा होता ती. ढाक्याकडून तिथे गेलेला एक इंजिनिअर होता. त्याने एकच थोर मनोरा न बांधता नऊ मनोरे एकमेकांना खेटून उभे केले होते आणि त्यांची मेथीसारखी जुडी बांधली होती. कोणी पन्नास मजल्यांवर थांबतो, कोणी नव्वदावर, दोनच शेवटपर्यंत जातात. सगळे सारखे नाहीत म्हणूनच ती इमारत तशी दिसते, आणि कोणी एकटा नाही म्हणून ती उभी राहते. हे सगळं अप्पांना कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. आपल्या गल्लीतही नऊच घरं आहेत, हे तेवढं लक्षात आलं नव्हतं.

“टेबल भिंतीपासून पुढं घ्या,” अप्पा म्हणाले. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांनाही नवीन होतं. “चव्हाणवहिनी, तुमचा डबा आणा. गड्डमांच्या सूनबाई, तुमचा पण. चाची, आप भी आवो. ज्यानं त्यानं आपल्या भाकऱ्यांचा मनोरा आपल्या हातानं रचायचा. भाकऱ्या संपतील तिथं थांबायचं.”

“आता पायजेत व्हय आमच्या भाकरी?” चव्हाणवहिनींनी कमरेवर हात ठेवले.

“पाहिजेत,” अप्पा म्हणाले. “तेव्हा नको म्हणालो, ते माझं अज्ञान. शास्त्र नव्हतं.”

चव्हाणवहिनींनी हा शब्द बरोबर ऐकला आणि नवऱ्याकडे बघितलं. टेम्पोबरोबर आलेले उदयसिंह एकदम पाकाचं पातेलं ढवळू लागले.

आणि मग नऊ बायकांनी असा सपाटा लावला की सांगता सोय नाही. भाकरी, चार लाडू, भाकरी, चार लाडू. “अगं तुझं वाकडं जातंय,” “तू तुझं बघ की,” “लाडू संपले, ए, चिवडा लावून बघू का?” शेखचाचीचा मनोरा सगळ्यांत उंच निघाला, तिने डबा दाबून दाबून भरून आणला होता. तिने अप्पांकडे फक्त एकदा बघितलं. गुरम्माचा सगळ्यांत बुटका.

“माझाच का ओ खाली? एक नंबर भाकरी माझी!”

“गुरम्मा, शिकागोत जे मनोरे खाली थांबतात तेच वरच्यांना दम देतात.”

“मग ठीक हाय. लिहून द्या तसं.”

इतक्यात फाटकावर आरडाओरडा झाला. दहा वाजले होते आणि भाड्याच्या रुखवताचा टेम्पो आला होता. त्यात थर्माकोलचा ताजमहाल. आतून लाइट. टेम्पोसमोर कुंडलिकराव दोन्ही हात पसरून उभे होते.

“उंचीचं पत्र कुटं हाय?”

“कसलं पत्र? अहो, पार्टीचा फोन हाय, लई अर्जंट!”

“अर्जंट असू द्या न्हायतर पेंडिंग. म्हाताऱ्या माणसानं तीन चकरा मारल्यात हितं. मीटरातनं फुटात आणलंय त्येनी. तुमी एक तरी चक्कर मारली का? वधुपित्याची सही आणा.”

वधुपिता नेमका देवकाला बसला होता. उठता येत नव्हतं. अंकिता धावत हॉलमध्ये आली, आणि दारातच उभी राहिली. टेबलावर नऊ मनोऱ्यांचं शहर उभं होतं. तिने हातातला फोन बघितला, मनोरे बघितले आणि फाटकाकडे ओरडून सांगितलं, “कुंडलिकभाऊ, नियम म्हणजे नियम! परत पाठवा त्यांना!”

राहिली होती जुडी बांधायची. अप्पांनी कालच्याच कोटाच्या खिशात हात घातला. सुरगीच्या सुताची लड निघाली. नवरीभोवती फिरलेलं सूत आता नऊ घरांभोवती फिरलं. खालून वर, तीन ठिकाणी, घट्ट. राहिले शिकागोच्या इमारतीवर असतात तसे वरचे दोन अँटेना. त्यासाठी दोन लांब अगरबत्त्या ठरल्या. पण वर हात पोचेना.

“स्टूल आणा,” उदयसिंह म्हणाले. “मी चढतो.”

“नको,” अप्पा म्हणाले. “मी चढेन.”

अपेक्षाने एका बाजूने स्टूल धरलं, उदयसिंहांनी दुसऱ्या. अप्पा चढले. हॉल खाली गेला, माणसं लहान झाली, पाय लटपटू लागले. त्यांना प्रभुने धरलेली ती बाही आठवली आणि त्या क्षणी प्रभुवर फार माया आली. त्यांनी पहिली अगरबत्ती रोवली, दुसरी रोवली. कोणीतरी फोटो काढला. खाली आल्यावर पाहतात तो गुरम्माने सवयीने दोन्ही अगरबत्त्यांना काडी लावलेली. शिकागोतून सुगंधी धूर निघू लागला. त्या विझवायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

वऱ्हाड आलं. सिद्धनाथकाका टेबलासमोर थांबले, खालून वर, वरून खाली बघितलं. “हे काय म्हणायचं अप्पा? दुबई तर नव्हे.”

 नात मागे उभी आहे हे अप्पांच्या लक्षात आलं. “शिकागो,” ते म्हणाले. “तिथं नऊ मनोरे आहेत, इथं नऊ घरं आहेत. प्रत्येकाची भाकरी वेगळी. एकेकटी उभी राहिली नसती.”

“म्हणजे एकाला हात लावला तर पडेल?” काकांनी खवचटपणे विचारलं.

उत्तर द्यायच्या आत नवऱ्या मुलाची आजी पुढे आली. ती अक्कलकोटहून आलेली, कानाने जरा कमी. हे सगळं तिने ऐकलेलंच नव्हतं. तिने चष्मा सारखा केला, कोपऱ्यातल्या गड्डमांच्या मनोऱ्यावरची वरची भाकरी सहज उचलली, आणि पाक अजून ओला असल्यामुळे तिच्यापाठोपाठ मधलीही एक ओढून काढली.

 उदयसिंहांनी डोळे मिटले. मनोरा किंचित हलला, शेजारच्या मनोऱ्याला टेकला, सूत ताणलं गेलं आणि सगळं होतं तसं उभं राहिलं.

आजीने भाकरीचा तुकडा मोडला. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “खुसखुशीत हाय,” ती म्हणाली. “चटणी कुटं हाय?”

 सिद्धनाथकाकांनी बोटाने अलगद सूत दाबून पाहिलं आणि ते म्हणाले, “आमचा ताज खाता आला नव्हता.” त्यांच्याकडून याहून मोठं काही मिळणं शक्य नव्हतं, आणि अप्पांना याहून मोठं काही नकोही होतं. अपेक्षाने त्यांचा चिकट हात हातात घेतला. पाकामुळे तो बराच वेळ सुटला नाही. दोघांनीही फारसा प्रयत्न केला नाही.

लग्नानंतर आठवड्याने अप्पांनी शब्दकोश उघडला, ‘प’मधून प्रभुचं पत्र काढलं आणि लिहायला बसले. या वेळी एकही शब्द खोडला नाही.

‘प्रिय प्रभु, पत्र मिळालं. उत्तराला जरा उशीर झाला. आपल्याकडे सध्या सगळ्यात उंच काय आहे, असं तू विचारलं होतंस. फोटो पाठवत आहे. ही तुझ्याच गावची इमारत, फक्त ज्वारीची. नऊ घरांनी मिळून उभी केली. मधली भाकरी काढून खाल्ली तरी पडली नाही. तुझ्याकडच्या इमारतीवर हा प्रयोग करू नये. वरचा धूर हा अपघात नाही, गुरम्मा आहे. स्टुलावर मी आहे. माझे पाय थरथरत आहेत, पण फोटोत कळत नाही. तुझेही कळले नव्हते. तुझा, महेश्वर.’

पोस्टात खिडकीशी गर्दी नव्हती. आतल्या मुलीने पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि विचारलं, “शिकागो? साधं पाठवू आजोबा, की स्पीड पोस्ट? तातडीचं आहे का?”

अप्पांनी सवयीने क्षणभर विचार केला. मग खिडकीत वाकून म्हणाले, “स्पीड पोस्ट करा. उशीर व्हायला नको.”